तिन्हीसांजेचं विरजण

काचेच्या ताटलीत काहीच उगवलं नव्हतं. डॉ. उल्का शेटेने ती खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. एकही ठिपका नाही.

"मेले सगळे," ती म्हणाली.

"मरणारच. वेळेवर मरावेत म्हणूनच घडवलेत त्यांना," पलीकडच्या टेबलावरून मुजावर सर म्हणाले.

सोलापूरच्या जलपरीक्षण केंद्रातल्या या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत आता दोघंच उरली होती. बाकीच्यांना घरी बसवलं होतं. तपासायला पाणीच नव्हतं, तर माणसं ठेवून करायचं काय? धरणात गाळ होता, शहरात टँकर होते आणि प्रत्येक दारावर सरकारी पत्रक चिकटवलेलं होतं: टंचाईसाठी सज्ज राहा, पिण्याचं पाणी झाकून साठवा, नेहमीची औषधं आणून ठेवा.

उल्का सज्ज होती. तिच्या घरी मोरीत एक, गॅलरीत दोन, पलंगाखाली आडवी अशी निळी पिंपं होती. आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात जाई. नवरा श्रीधर कोकणात खारं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर अडकला होता. तो फोनवर म्हणायचा, "तू तर पाणबुडी चालवतेयस." तापाच्या गोळ्या, मलमं, जुलाबाची पाकिटं, सगळं डब्यात होतं. नव्हतं ते एकच. तिच्या पाच वर्षांच्या अबोलीचं औषध.

डाळ, दूध, शेंगदाणे, काहीही पचताना शरीरात थोडा अमोनिया तयार होतो. आपलं यकृत तो गुपचूप निस्तरतं. अबोलीचं यकृत जन्मापासून हे काम करत नव्हतं. रक्तात अमोनिया चढला की ती आधी चिडचिडी व्हायची, मग पेंगुळायची. त्याच्या पुढची पायरी उल्काने एकदा पाहिली होती, आणि ती पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती.

त्यावर उपाय होता एक जिवाणू. दह्याच्याच कुळातला, पण जनुकं बदलून घडवलेला. पोटात जाऊन तो अमोनिया खायचा. या विषशोषी जिवाणूंची कॅप्सूल रोज घ्यावी लागे. ती बनवणाऱ्या कारखान्याला शुद्ध पाणी लागायचं. पाणी संपलं तसा कारखाना बंद झाला.

"पाणी साठवता येतं, उल्का," मुजावर सर चष्मा पुसत म्हणाले. ते तिचे कॉलेजातले शिक्षक. आता सहकारी असले तरी शिकवायची सवय गेली नव्हती. "तापाची गोळी साठवता येते. जिवंत औषध नाही साठवता येत. ते पाळावं लागतं."

"मग पाळते. दह्याच्या कुळातला आहे ना? दुधात वाढवते."

"त्याला कुलूप आहे. कसलं, सांग."

"सर, मी आता विद्यार्थिनी नाही."

"तरी सांग."

उल्काने उसासा टाकला. "डीएनए बांधायला चार प्रकारच्या विटा लागतात. यातली एक वीट स्वतः बनवण्याचं जनुक कंपनीने काढून टाकलंय. म्हणजे जिवाणू पांगळा. ती वीट भुकटीच्या रूपात कॅप्सूलमध्येच घातलेली असते. ती आहे तोवर तो वाढतो. संपली की नवी पिढी नाही. म्हणजे कुणी घरी वाढवू नये, आणि चुकून बाहेर सांडला तर जगू नये."

"शाबास. आणि ती भुकटी?"

"आपल्या कपाटात थोडी आहे. किल्ली. मी ती घरी नेणार आहे."

मुजावर सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बेकायदा आहे हे. तू मला परवानगी विचारतेयस?"

"नाही सर, सांगतेय. नंतर कळलं असतं तर रुसला असतात."

सर उठले. कपाटाचं दार उघडून ठेवलं आणि चहा घ्यायला निघून गेले.

*

घरी उल्काने प्रयोगशाळाच मांडली. दूध कुकरमध्ये शिट्ट्या देऊन निर्जंतुक करायचं. उकळत्या पाण्यातून काढलेलं स्टीलचं भांडं, आणि तेच पाणी परत गाळून ठेवायचं. शेवटच्या कॅप्सूलमधले जिवाणू, वर किल्लीची चिमूट. झाकण घट्ट. बाकी कुठल्याही दह्याचा वारा लागू द्यायचा नाही. या दुधातलं प्रथिन अबोलीच्या दिवसभराच्या मापातून ती आधीच वजा करत असे.

दही लागलं. घट्ट, थोडं गोडसर. उल्काने त्यातल्या चमचाभरात नवसागराची कणी टाकून पाहिली. कल्हईवाल्याकडचा हा खडा म्हणजे अमोनियाचाच क्षार. तासाभराने रंगपट्टी बुडवली. अमोनिया असता तर पट्टी निळी झाली असती. ती पिवळीच राहिली. जिवाणू कामावर हजर होते.

"हे दही माझ्यासाठीच का?" अबोलीने चमचा चाटत विचारलं.

"फक्त तुझ्यासाठी."

"काकूंना पण नाही?"

"कुणालाच नाही."

"बाबांना?"

"बाबांनासुद्धा नाही. यात तुझे शिपाई आहेत. दुसऱ्याच्या पोटात गेले तर तिकडेच राहतील."

अबोलीने पोटावर हात ठेवला आणि हळू आवाजात शिपायांना इकडेच थांबायला सांगितलं. उल्काने तिचं कपाळ हुंगलं. त्या केसांना तेलाचा आणि उन्हाचा वास होता, आणि तो तसाच राहायला हवा होता. एवढंच मागणं होतं तिचं, आणि तेही ती कुणाकडे मागत नव्हती. कुणाकडे काही मागायचं नाही, ही तिची खोड. लग्न होऊन आली तेव्हापासून या इमारतीत तिने साखरेची वाटीसुद्धा कुणाच्या दारी नेली नव्हती.

गोंधळ घातला येमूल काकूंनी. त्या शेजारच्या. दुपारी अबोलीला सांभाळायच्या, दोन्ही घरं एकच असल्यासारख्या वावरायच्या. एका संध्याकाळी उल्काने भांडं उघडलं तर दह्याच्या गुळगुळीत सायीत चमच्याएवढा खड्डा.

"काकू! यातलं दही कोणी काढलं?"

"मीच की," काकू शेंगांची चटणी कुटता कुटता म्हणाल्या. "माझं दही उन्हानं तार सुटून गेलं. चमचाभर विरजण घेतलं. तुझं छान लागालंय."

"न विचारता?"

"विरजणाला काय विचारायचं, गं? सोनं नेल्यासारखी काय ओरडालीस?"

उल्काने खोदून विचारलं. काकूंनी त्याच विरजणाचं दही लावून त्यातलं चमचाभर तिसऱ्या मजल्यावरच्या कोंडांच्या सुनेला दिलं होतं. तिथून ते अजून कुठे गेलं, देव जाणे. प्रयोगशाळेतला जिवाणू चार मजल्यांवर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मुजावर सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. "घाबरू नकोस. निरोगी माणसाला त्याचा काही त्रास नाही. आणि त्यांच्याकडे किल्ली कुठे आहे? एक-दोन विरजणांत संपेल. कुलूप असतं कशाला?"

तेवढ्यापुरता तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वर आला. कारण तेच कुलूप तिच्याही भांड्याला होतं.

किल्ली संपत आली. उल्काने चिमटीचे दाणे केले, दाण्यांचे कण केले. कंपनीला फोन केले, मुंबईला फोन केले, श्रीधरने त्याच्या ओळखीतून हैदराबादपर्यंत विचारून पाहिलं. इस्पितळातलं इंजेक्शन केव्हाच संपलं होतं. तिथला डॉक्टर म्हणाला, "आलं की कळवतो," आणि तिच्याकडे न बघता पुढचा केसपेपर ओढला. शेवटी एका सकाळी भांडं उघडलं तर दूध नुसतं दूधच. तरी नवसागर घातला. पट्टी बुडवली. गडद निळी.

दुपारी पाणी कमी, अंगात उष्णता जास्त. अबोलीचं बोलणं जड व्हायला लागलं. उल्काने तिची डाळ बंद केली, नुसती साखर-भाताची पेज ठेवली आणि रोज संध्याकाळी बोटाच्या थेंबावर पट्टी लावायला लागली. पहिल्या संध्याकाळी निळसर. दुसऱ्या संध्याकाळी निळी.

तिसऱ्या संध्याकाळी पिवळी.

उल्काने पट्टी फेकली, नवी घेतली. पिवळीच. अबोली पलंगावर उड्या मारत होती.

"अबू, आज काय काय खाल्लंस? खरं सांग."

अबोलीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे.

"दही-भात," अबोली म्हणाली. "पण थोडासाच. काकूंच्या वाटीतला."

"पोरगी उपाशी मरालीय," काकू उसळून म्हणाल्या. "पेज म्हणे! दोन घास दिले मी. काय फाशी द्यायची ती दे."

उल्काने काकूंना मिठी मारली. काकू इतक्या दचकल्या की हातातला झारा पडला.

*

"अशक्य आहे," मुजावर सर म्हणाले. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "आहे खरा. किल्लीशिवाय जगतोय. कसा?"

"किल्ली मिळतेय त्याला, शेजाऱ्यांकडून," उल्का म्हणाली. ती आठवडाभर हाच विचार करत होती. "काकूंच्या दह्यात साधे जिवाणूही आहेत. ते स्वतःच्या विटा स्वतः बनवतात. त्यांच्यातले काही मरतात, फुटतात, विटा बाहेर सांडतात. हा पांगळा त्या उचलतो. आणि अमोनिया खाऊन तो जे बनवतो त्यावर ते पोसतात."

"आणि तुझ्या भांड्यात?"

"माझ्या भांड्यात शेजारीच नव्हते. मी येऊच दिले नाहीत. इतकं स्वच्छ ठेवलं, की उपाशी मेला बिचारा."

सर खुर्चीत मागे रेलले. "मग आता सोपं आहे. काकूंचं दही आण आणि तुझ्या घरी लावत राहा."

"तेच करून पाहिलं, सर. टिकत नाही." तिने समोर वाट्या मांडल्या. काकूंनी इमारतभर हिंडून आणलेल्या. त्या म्हणाल्या होत्या, तू मागितलंस तर लोक घाबरतील, यांच्यात कुणी मेलं की काय म्हणून. "एकाच भांड्यात विरजणावर विरजण लावत गेलं की साधे जिवाणू भराभर वाढतात, हा मागे पडतो. शेवटी नाहीसा होतो. काकूंच्या आजच्या दह्यात तो जवळजवळ नाही. पण कोंडांकडे भरपूर आहे. त्यांचं भांडं मातीचं, खोली गरम, तिथे याला मानवतं. पुढच्या आठवड्यात तिथेही संपेल. तोवर त्यांनी चमचाभर खालच्या मजल्यावर दिलेलं असेल, आणि काकूंचं आंबट झालं की त्या तिथून आणतील."

"म्हणजे कुठल्याही एका घरात हा मरणार."

"आणि सगळ्या घरांत मिळून मरणार नाही. विरजण हिंडतंय तोवर."

मुजावर सरांनी एक वाटी उचलून हुंगली. "कंपनीच्या शास्त्रज्ञांनी काय नाही तपासलं असेल," ते म्हणाले. "तापमान, आम्ल, साबण, सांडपाणी. कुणीतरी न विचारता चमचा घालेल, हे बघायचं राहून गेलं."

घरी येऊन उल्काने काकूंना सगळं समजावलं. काकूंना जिवाणूंचं फार काही कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की आता त्यांनी कोणाकडूनही विरजण आणलं तरी ही पोरगी ओरडणार नाही.

*

मंडळाचा माणूस उन्हं कलताना आला. पुंडे त्याचं नाव, जीवसुरक्षा मंडळाचे निरीक्षक. बरोबर दोन मदतनीस आणि चाकांवरची पेटी. कंपनीने जिवाणूच्या जनुकात आपली खूण पेरलेली होती, आणि ती खूण या वस्तीच्या गटारात सापडली होती.

अबोलीला त्या दिवशी नेमका ताप होता. तापात शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं आणि अमोनिया दुपटीने वाढतो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मूळ साठा कुणाच्या घरात आहे?" पुंडेंनी जिन्यात जमलेल्या बायकांना विचारलं.

"माझं काम आहे ते," उल्का पुढे झाली. "दुसऱ्या कुणाला विचारू नका. मी घरी वाढवला."

पुंडेंना असं उत्तर अपेक्षित नसावं. त्यांनी तिच्या स्वयंपाकघरात यंत्र फिरवलं. फ्रिज, ओटा, भांडी. यंत्र गप्प. ज्या घरातून सुरुवात झाली त्या घरात त्या दिवशी एकही जिवाणू नव्हता.

"इथे काही नाही," ते जरा चिडून म्हणाले. "बाई, मी तुमचा शत्रू नाही. आज हा अमोनिया खाणारा आहे. उद्या कुणी दुसरंच काही सोडलं तर? म्हणून कायदा आहे."

"त्या उद्याची काळजी तुम्ही करा, साहेब. करायलाच हवी. माझी मुलगी आज आजारी आहे. तिचं औषध तुमच्या कायद्यात बसतं, फक्त दुकानात नाही."

पुंडेंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. नजर काढून घेतली. मग हुकूम दिला: इमारतीतलं दही-ताक सगळं नष्ट करा.

बायकांनी एकेक करून भांडी आणली; रिकामं झालं की मदतनीस त्यावर जंतुनाशक फवारत. कुणी रडलं नाही, कुणी हातापाया पडलं नाही. कोंडांच्या सुनेने मातीचं गाडगं पेटीत ओतताना निरीक्षकाकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरकला. येमूल काकू म्हणाल्या, "धुवायला पाणी तेवढं देऊन जा. तुमच्या औषधाचा वास जायचा नाही भांड्यांना." मदतनिसांपैकी एकाने खरोखरच गाडीतून कॅन आणून ठेवला.

गाडी गेली. इमारतीत विरजणापुरतंही दही उरलं नाही.

उल्काने अबोलीच्या बोटावर पट्टी लावली. निळी. अबोलीने डोळे उघडले, काहीतरी म्हणाली, पण शब्द एकमेकांत अडकले.

"काकू, समोरच्या कॉलनीत कधी दिलं होतं तुम्ही?"

"मी नाही बाई. त्यांच्याशी आमचं टँकरवरून भांडण हाय."

"दुसऱ्या कुणी?"

"काय सांगावं? विरजण दिलेलं कुणी ध्यानात ठेवतं का?"

ध्यानात ठेवत नाहीत. म्हणूनच मंडळालाही मोजता येणार नाही. उल्काने वाटी उचलली. "अबूजवळ बसा."

"आत्ता? अगं, तिन्हीसांज झालीय. या वेळेला कुणी विरजण देत नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात."

"मग आज जाईल," उल्का म्हणाली आणि जिना उतरली.

रस्ता ओलांडला. पहिलं दार बंद. दुसऱ्या दारात एक अनोळखी बाई आली, हात कणकेने भरलेले, खांद्यावर टॉवेल. आत दिवा लागलेला होता. उल्काने वाटी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा ती रिकामी वाटी घेऊन कुणाच्या तरी उंबऱ्यापाशी उभी होती.

"विरजण आहे का थोडं?"

"आत्ता?" बाईने आकाशाकडे पाहिलं. "तिन्हीसांजेचं नाही देत आमच्यात."

"माहीत आहे मला. तरी द्या."

"तरी द्या म्हणे!" बाई बघतच राहिली. मग तिचं लक्ष उल्काच्या डोळ्यांकडे गेलं. "घरात कोणी आजारी आहे का?"

"मुलगी."

बाई आत गेली. आली ती वाटी काठोकाठ भरून. काठाला हळदीचं बोट ओढलेलं होतं.

"हळद लावली की चालतं," ती म्हणाली. "म्हणजे, आत्ताच ठरवलं मी. न्या."

"हे कुठून आलं तुमच्याकडे? समोरच्या इमारतीतून?"

"छे! त्या भांडकुदळांकडून कोण आणतंय? बहिणीने आणलं, कुर्डुवाडीहून. तिला बार्शीच्या जावेने दिलं होतं. तिच्या सासऱ्यांना हेच दही मानवतं म्हणे, दुसरं लावलं तर चालत नाही. का हो?"

उल्का वाटी दोन्ही हातांत धरून वळली. कुर्डुवाडी. बार्शी. ती जपून रस्ता ओलांडत होती आणि डोक्यात आगगाड्या, एस.टी., माहेरवाशिणी, पिशवीतले घट्ट झाकणाचे डबे धावत होते. पण हा तोच जिवाणू कशावरून? दही कुठल्याही घरात असतं. नवसागर घालून तासभर थांबायला वेळ नव्हता. तिने अबोलीला उठवून मांडीवर घेतलं आणि साखर घालून एकेक चमचा भरवला. अर्धं सांडलं, अर्धं गेलं.

काकू बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. कुकर झाला, शेजारचा टीव्ही सुरू झाला. उल्का लेकीच्या छातीवर हात ठेवून बसली. मग पट्टी घेतली.

निळसर. आधीपेक्षा फिकी, की तिलाच तसं वाटत होतं? पुन्हा थोडं दही. थोडं साखरपाणी. जेवणं आटोपून इमारत निवत होती तेव्हा तिने पुन्हा थेंब काढला. अबोलीने हात झटकला.

"आई, दुखतं ना!"

शब्द स्वच्छ होते. प्रत्येक शब्द वेगळा. आणि पट्टी पिवळी होत होती, कडेकडून, पिकत्या लिंबासारखी.

उल्का ओट्यापाशी गेली. काकूंनी दूध कोमट करून ठेवलं होतं. वाटीत तीन चमचे उरले होते. एक तिने आपल्या दुधात घातला. दुसरा काकूंच्या दुधाच्या गंजात. तिसरा एका छोट्या वाटीत काढला, त्याच्या काठाला हळदीचं बोट ओढलं आणि दार उघडून ती वाटी बाहेर जिन्याच्या कठड्यावर ठेवली. मंडळाचा माणूस उद्या परत आला तरी त्याला सहज दिसेल अशी. कोंडांची सून वर जाताना ती उचलणार होती, आणि दोन दिवसांनी तिच्याकडून आणखी कुणीतरी.

ती आत आली तेव्हा अबोली उठून बसली होती आणि बोटाने वाटी निपटत होती.

"आई, हे दही माझ्यासाठीच का?"

"नाही," उल्का म्हणाली. तिने दाराची कडी लावायला हात नेला होता, तो तसाच मागे घेतला. "मुळीच नाही."